कीथलीतला निवडुंग

नोव्हेंबर. काचघराच्या छतावर
बारीक, चिकट पाऊस.
नॉरिस म्हणतो, बोट लावू नकोस, नुसतं बघ.

कुंडीत वाळू, वाळूत
करडी चांदणी:
त्रिकोणावर त्रिकोण,
पाथरवटाने छिन्नी थांबवून
जेवायला जावं तसे.
काटा एकही नाही. बेचक्यांत मळकी लोकर,
गिरणीच्या फरशीवर पडायची तशी.

बी पेरलं तेव्हा गिरणी चालू होती.
माणसं कामाला लागली, सुटली, वारली.
हा वाढला चहाच्या बशीएवढा.

पाणी?
मे महिन्यात. तेही विचारून.

मी हसले. तो नाही.
दाढीच्या जुन्या ब्रशने
त्याने एका कडेची धूळ झाडली,
आणि लोकरीत मधोमध दिसलं
गुलाबी काहीतरी,
उमलावं का, याचा विचार करत बसलेलं.

गुरुवारी ये, म्हणाला.
नाहीतर त्याच्या पुढच्या.