वईचं वय

टेम नदीच्या अलीकडे
वईचं वय असं काढतात:
तीस पावलं चालायचं, झाडांच्या जाती मोजायच्या,
एका जातीला एक शतक धरायचं.
ऑलविन प्रोसर बोटांवर मोजत पुढे चालला:
हेझल, हॉथॉर्न, मेपल, डॉगवुड,
होली, रानगुलाब, स्लो.
आठव्या बोटाशी थांबला.
"हे बापानं लावलेलं. धरू नकोस."

मी बिल्डरच्या पगारावर.
काम रात्रीचं. तळ्याकाठी टॉर्च मारून
न्यूट मोजायचे,
पाण्यातले ते कलगीवाले सरडे,
पोट असं केशरी की निखारा गिळलाय.
एप्रिलच्या नऊ रात्री. एकशे सतरा.
बादल्यांतून पलीकडच्या
नव्या खणलेल्या तळ्यात सोडले.

अहवालात लांबीला रकाना होता,
वजनाला, पाण्याच्या तापमानाला.
शेताच्या नावाला नव्हता.
ऑलविन त्याला 'विधवेचे चार एकर' म्हणायचा.
गवताखाली जुन्या नांगराच्या लाटा,
टोकाशी वाकलेल्या, बैल वळायचे तिथे.
तिरप्या उन्हातच दिसायच्या.
बिल्डरचा माणूस भर दुपारी आला.

घरं झाली. चाळीस.
खोटं कशाला बोलू, देखणी आहेत.
यादीत माझंही नाव होतं,
बेकरीवरच्या खोलीत, ओल आलेल्या भिंतींत,
अकरा वर्षं.
नंबर डेलिथ क्लटरबकचा लागला.
म्हाताऱ्यांची सेवा करते ती, दोन मुलं.
लागायलाच हवा होता.

मार्चात तिचा फोन. रात्रीचे अकरा, पाऊस.
"गटारात काहीतरी आहे गं. शेपूट आहे त्याला."

जाळीखाली, काळ्या पाण्यात,
नऊ.
नव्या तळ्याकडे पाठ फिरवून
जन्माच्या पाण्याकडे निघालेले.
तिथे आता डेलिथची न्हाणी आहे.
एकाच्या पोटावरचे ठिपके
मी ओळखले. फोटो काढला होता त्याचा,
क्रमांक दिला होता.

डेलिथने सुपाचा डाव आणला.
पायजम्यावरच गुडघे टेकले,
एकेक वर काढला.
मुलगा बादली धरून उभा.
"आता यांना कुठे न्यायचं?"

अहवालातलं उत्तर मला पाठ होतं.
बोलले नाही.

वईचा तुकडा राखलाय त्यांनी,
मंजुरीत तशी अट होती.
तीस पावलं नाही भरत. बावीस.
पोराच्या बादलीमागून चालताना
अंधारात हातांनी मोजत गेले:
हेझल, होली, काटा लागला तो स्लो,
आणि शेवटी ऑलविनच्या बापाचं झाड.

धरलं मी.