दोन-आठ

सियागंजात पाइप-फिटिंगचं दुकान,
दोन मालक, सख्खे भाऊ.
दोघांच्या केबिनींत प्लायवुडची भिंत, वर काच,
काचेवर दोन्हीकडून चिकटवलेली जुनी कॅलेंडरं.
मला बोलावलं धाकट्यानं, जुझरभाईंनी:
"दादा, एक्सचेंज बसवायचंय. काय घेऊ?"

मी आधी किंमत सांगत नाही. विचारतो,
एका वेळी किती जण बोलतात तुमच्याकडे?
लोक पगारपत्रक काढून माणसं मोजायला लागतात.
माणसं नका मोजू.
सकाळी अकरा ते एक काउंटरपाशी बसा
आणि तोंडं मोजा.

कुणीतरी त्यांना गुळगुळीत पुस्तक देऊन गेला होता:
चोवीस एक्स्टेन्शन, रंगीत पडदा,
"इंग्रजीसाठी दोन दाबा" म्हणणारी बाई.
म्हटलं, भिया, उज्जैनचा प्लंबर
शिडीवर उभा राहून एल्बो मागतो,
त्याला बाई कशाला?
तिसऱ्या रिंगेच्या आत माणसानं उचलावा, बस.
दोन लाइनी, आठ एक्स्टेन्शन. दोन-आठ.
उरलेल्या पैशांत बॅटरी घ्या
आणि अर्थिंग करा, खरं अर्थिंग:
खड्डा, कोळसा, मीठ.
गेल्या साली छावणीत एका दाणेवाल्याचं
अख्खं कार्ड जळालं एका कडकडाटात.
त्याचं अर्थिंग खिडकीच्या गजाला होतं.

मग नंबर वाटायला बसलो.
एकशेएक थोरल्यांना, मुफद्दलभाईंना.
"आणि मला?" एकशेदोन.
जुझरभाईंनी पेनचं टोपण दोनदा लावलं. ठीक, म्हणाले.
काउंटर, गोदाम, हिशेबाच्या पाठकबाई,
वरच्या पॅकिंगचा नानूराम.
"त्याला कशाला?"
प्लायवुडपलीकडून आवाज आला, मला उद्देशून.
"दादा, त्यांना सांगा, लागेल."
"दादा, त्यांना सांगा, मग तो खर्च त्यांच्या खात्यात."
मी दाराच्या चौकटीत उभा,
एक कान इकडे, एक कान तिकडे.
डबा अजून खोक्यातच होता
आणि एक्सचेंज सुरू झालं होतं.

पाठकबाई खालच्या आवाजात म्हणाल्या,
नऊ वर्षं झाली.
चिठ्ठ्या नानूराम नेतो.

लोकेशनं तार ओढली. पांढरा-निळा,
पांढरा-नारिंगी, पांढरा-हिरवा.
"उस्ताद, या जोड्या वळून का ठेवतात?"
सरळ ठेवल्या तर शेजारचं बोलणं आत शिरतं, म्हटलं.
तो हसला. मी नाही हसलो, हातात पंच होता.

शेवटी टेस्टिंग. माझा नियम आहे,
मी स्वतः बोलून बघत नाही.
ज्याचा फोन, त्याचा आवाज.
एकशेएक लावा, म्हटलं जुझरभाईंना.
त्यांनी चष्मा काढला. पुसला. घातला.
पलीकडे रिंग वाजली.
दुसरी.
पाठकबाईंनी कॅल्क्युलेटर थांबवला.
तिसरी झाली, चौथीही झाली,
मीच सांगितलेला हिशेब चुकला, आणि मग
"हॅलो."
शब्द दोनदा आला,
एकदा तारेतून, एकदा भिंतीवरून.
"आवाज येतो?"
"येतो."
"साफ?"
"थोडी खरखर आहे."
खरखर नव्हती. मी मीटर लावून बघितलं.
कुणी ठेवेना.
लाइन मोकळीच होती, मी घाई केली नाही.
मग थोरल्यांनी विचारलं,
अर्ध्या इंचाचे युनियन किती उरलेत?
जुझरभाईंनी रजिस्टर न उघडता सांगितलं, चाळीस.

मी पक्कड, पंच, उरलेली तार गोळा केली.
बिल कुणाच्या नावानं, ते दोघांनीही सांगितलं नाही,
मी दुकानाच्या नावानं फाडलं.
नानूराम जिन्याशी थांबला होता,
सदऱ्याच्या खिशात चिठ्ठ्यांची वही.
"दादा, मला आता काय काम?"
त्याला मागच्या अंगणातला खड्डा दाखवला.
म्हटलं, दर शनिवारी एक बादली पाणी.
उन्हाळ्यात दोन.
"किती दिवस?"
फोन चालवायचाय तोवर.