बारदान वजा

आग्र्याचा ट्रक पहाटे तीनला
तुर्भ्याच्या बाजारात पाठमोरा शिरतो.
मी काट्याशी. बावीस वर्षं हेच काम :
वजन पुकारायचं, बारदान वजा करायचं,
उरेल ते पट्टीवर मांडायचं.

काल डबा भरताना हर्षाली म्हणाली,
बाबा, तुम्ही रात्रभर ज्याच्या नावानं ओरडता
तो शब्द आपला नाही.
पोर्तुगीजांचासुद्धा नाही.
समुद्रापलीकडच्या बेटांवर ताईनो नावाची माणसं होती,
ती रताळ्याला बटाटा म्हणायची.
जहाजवाल्यांनी कंद उचलला, शब्द उचलला,
पुढं तो भलत्याच कंदाला चिकटला.

आणि माणसं?

तिनं झाकण दाबून बसवलं.
देवी, गोवर, सोन्याच्या खाणी, म्हणाली.
परवा तिचा एम.ए.चा पेपर आहे.

मग रात्रभर नीट ओरडता येईना.
बटाटा म्हणताना जीभ तीनदा आपटते
हे बावीस वर्षांत कधी जाणवलं नव्हतं.
पलीकडे फळबाजारात पेरूचे क्रेट उतरत होते,
एक अख्खा देश, वीस किलोच्या भावानं.
मसाला बाजारातली मिरची तर तिकडून येताना
आपलं नावही आणू शकली नाही,
आमच्या मिऱ्याचं घेऊन बसली.

अजून एक सांगितलं होतं पोरीनं.
किनाऱ्यावर उतरायच्या आधी
कधीकधी जहाजावरूनच एक कागद वाचत :
ही जमीन आमच्या राजाची झाली,
मान्य करा,
नाहीतर पुढचं पाप तुमच्या माथी.
वाचत स्पॅनिशमध्ये.
समोर कधी माणसं असत, कधी नुसती झाडं.
तरी सगळं रीतसर. लेखनिक हजर, साक्षीदार हजर.

याच्यावर ती हसली.
मला शाळेची भिंत दिसली.
भिंतीवर नोटीस, सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर,
आणि खाली उभा माझा आजा जोमा,
चिखलानं पोटऱ्या माखलेल्या, हातात निवट्यांची करंडी.
मास्तर, काय लिवलंय?
इथं शहर होणार आहे, जोमा.
आजा बराच वेळ भिंतीकडं बघत राहिला.
मंग आता हितं काय हाये?

नकाशात आमची बाजू पांढरी होती म्हणतात.
त्या पांढऱ्यात मिठागर होतं, गावदेवी होती,
चुलत्याची उलटी घातलेली, डांबर वाळत असलेली होडी होती.
मी बसतो तो काटा
आमच्या खाचरात येतो की कोयंड्यांच्या,
हे भांडण अजून मिटलेलं नाही,
खाचर नाही तरीही.

तुलना करू नका, हर्षाली म्हणते.
आपण जिवंत आहोत, बाबा.
खरं आहे. आमच्या गावात रोगानं घरं ओस पडली नाहीत.
साडेबारा टक्के मिळाले, उशिरा, पण मिळाले,
त्यातले किती कुणी विकले ते विचारू नये.
आम्ही उंच इमारतींच्या मधल्या फटीत आहोत,
हळदीला डीजे लावतो,
लोक खिडक्या लावून घेतात
आणि विचारतात, ही माणसं आली कुठून?

मी जिन्यात पोचलो तेव्हा तिनं वरून हाक मारली :
पुस्तकात ते संपले असं लिहिलंय हां,
पण त्या बेटांवर त्यांची नातवंडं आहेत,
आम्ही आहोत म्हणून सांगत फिरतात!
खालच्या मजल्यावरच्या माणसानं दार उघडून बघितलं.

ओ तोलणार, झोपलात काय?
पाटणचा माथाडी, पाठीवर पोतं, वाफाळलेला.
टाक, म्हणालो.
एक्कावन्न दोनशे. बारदान वजा.
रिकाम्या गोणीच्या तळाशी थोडी माती उरते,
कुणाच्या तरी शेताची.
ती मी आजवर
बारदानातच धरत आलो.