हिशोबात चौदा कमी

गुरुवारी मी दवाखान्यात गोळ्या मोजते.
पांढऱ्या, डाळीएवढ्या, मधून एक रेघ.
रात्री झोपताना एक. चुकवायची नाही.
आणि एकदम बंद तर मुळीच करायची नाही,
हे मी स्वाहिलीत सांगते, मग पोगोरोत,
मग बोट नाचवून.

घरी बाबा ओट्यावर बसून साली कुटतात.
माहेंगेच्या या डोंगरात
किफाफा झालेलं माणूस आधी त्यांच्याकडे येतं,
कोंबडी घेऊन, अंधार पडल्यावर.
माझ्याकडे यायचं तर दिवसाढवळ्या,
आणि गुरुवारच्या रांगेत उभं राहणं म्हणजे
आजाराचं नाव कपाळावर गोंदून घेणं.

मात्रिदा रांगेत कधी उभी राहिली नाही.
तिची गाउडेन्सिया सात वर्षांची.
दोन दिवसांआड पडायची.
एकदा चुलीत पडली
तेव्हा ओसरीत चार मोठी माणसं होती.
फेस अंगाला लागला तर आपणही पडू,
म्हणून चौघं अंगणापलीकडे पळाली.
पाण्याला गेलेली आई परत येईपर्यंत
निखारे आपलं काम करत राहिले.
डाव्या हाताची दोन बोटं आता एकच आहेत.
तिची ताटली वेगळी, पेला वेगळा,
शाळेत बाक वेगळा.
मी तीनदा त्यांच्या घरी गेले.
तीनदा मात्रिदानं मला उकडलेले रताळे दिले
आणि विषय बदलला.

या महिन्यात हिशोब जुळेना.
चौदा कमी.
डबा उपडा केला, कपाटाखाली झाडू घातला,
उंदरांवर संशय घेतला,
मग माझ्यावरच.

घरी आले तर बाबांच्या उखळीच्या काठाला
तपकिरी भुकटीत एक पांढरी रेघ.
जिभेला लावली.
सालीचा कडूपणा घशात उतरतो,
लहानपणापासून ओळखते मी तो.
हा जिभेवरच बसून राहिला.

मी काहीच विचारलं नव्हतं.
तेच म्हणाले, मान खाली घालून,
"मक्याच्या काट्यावर तोलली तिला. एकोणीस किलो.
तूच म्हणालीस ना, वजनावर असतं?"

मी म्हणाले, ही चोरी आहे बाबा.
म्हणाले, हो.
मी म्हणाले, तिच्या आईला ठाऊक नाही
पोरीच्या पोटात काय चाललंय.
म्हणाले, हो.
बराच वेळ मुसळ तसंच हातात.
"साल दिली की बरी झोपते, असं सांगायचो मी लोकांना.
झोपायची. पण पडायची ती पडायचीच.
चाळीस वर्षं मी हे बघतोय.
या चौदा दिवसांत पोर पडली नाही."

आणि मग, जणू मिठाचं विचारावं तसं,
"आज पंधरावी रात्र.
एकदम बंद करायची नाही, असं म्हणतेस ना?"

किती संताप आला मला.
माझंच वाक्य, माझ्याच दारात,
आडवं घातलेलं.

टॉर्च त्यांनी धरला.
कुलूप मी उघडलं. किल्ली दोनदा चुकली.
डब्यातून एक काढली, मग थांबले,
मग आठवडाभराच्या.
नोंदवहीत तारीख लिहिली, संख्या लिहिली, वजन लिहिलं.
नावाच्या रकान्यापाशी पेन उचललं.

मात्रिदा आली ती मागच्या वाटेनं,
पोर पाठीला, झोपेला आलेली,
ते जोडलेलं बोट आईच्या कांगाच्या काठात अडकवून.
गावात बोलणं आहे, म्हाताऱ्याच्या हाताला गुण आला.
बाबांनी पुडी बांधली.
बोट नाचवून म्हणाले,
रात्री झोपताना एक. चुकवायची नाही.
हुबेहूब माझ्यासारखं.

मी दाराआड उभी होते, कोंबडीचे पाय हातात धरून.
सांगावं लागणार तिला.
मी सांगायचं की त्यांनी, यावर आम्ही अजून भांडतो.
तो रकाना कोराच आहे.
पुढचा गुरुवार परवा.