खालचे सहा

किसुमूच्या कॉलेजात, तळ्याकडच्या खोलीत,
मानवशास्त्राचा पहिलाच वर्ग, संध्याकाळी साडेपाचचा.
टेबलावर नऊ कवट्या. प्लॅस्टरच्या आठ,
एक खरी, तिच्यावर शाईनं आकडा: ४१७.
नाव नाही.
नाव लिहायला कपाळावर जागा पुष्कळ होती.

चेलागात बाई वरच्या, चहाच्या मुलखातल्या.
आमची भाषा त्यांना बाजारापुरती येते.
म्हणाल्या, आधी हातानं बघा, मग डोळ्यांनी,
पुस्तक सगळ्यात शेवटी.
मी सकाळपासून मासे साफ करून आलेली,
नखांत अजून खवले.
माझ्या वाट्याला ४१७ आली.

भुवयांवरचं जाड हाड, कानामागचा उंचवटा,
टाळूवरच्या शिवणी, घाईत घातलेल्या टाक्यांसारख्या.
वहीत लिहिलं: पुरुष असावा. चाळिशी ओलांडलेला.
मग बोट जबड्यापाशी अडलं.
खाली, पुढे, दात नव्हते.
पडलेले नव्हेत. नव्हतेच.
खोबणीसुद्धा बुजलेल्या, हाड गुळगुळीत,
हात फिरून फिरून झिजलेल्या उंबऱ्यासारखं.

किडले असतील, मुटिसो म्हणाला.
मग दाढा कशा शाबूत? बाईंनी विचारलं.
मोजा.
सहा. नेमके सहा.
आजार असे मोजून नेत नाही, त्या म्हणाल्या.

मला उत्तर माहीत होतं.
हात मात्र वर गेला नाही.

ओन्डिएक आजोबांच्या तोंडात तेवढीच मोकळी जागा,
तिथून ते शीळ घालतात, थुंकी नेमकी उडवतात,
आणि हसले की आत जीभ दिसते, गुलाबी, बेसावध.
सहाव्या वर्षी माझे दुधाचे दात पडले
तेव्हा वाटलं, झाले एकदाची मी या घराची.
मग नवे उगवले. एकेक करत सगळे.
कोंबड्यांच्या खुराड्यामागे बसून मी रडले.
आजोबा शोधत आले. म्हणाले,
अगं वेडे, हे रक्तातून येत नसतं,
हे करून घ्यावं लागतं.

बाईंनी फळ्यावर मधोमध रेघ मारली.
डावीकडे शरीर, उजवीकडे संस्कृती.
पोरं ओरडत होती: उंची! केसांची वेणी! दूध पचणं!
विळ्यासारख्या रक्तपेशी, असं कुणी म्हणालं
तेव्हा खोली जरा गप्प झाली,
आमच्याकडे प्रत्येक घरात त्याचं एकतरी पोर आहे.
४१७ चा जबडा कुठे लिहायचा?
बाईंचा खडू रेघेवरच थांबला
आणि तिथे एक पांढरा ठिपका उमटला.

पुस्तकात कारण दिलंय:
दातखीळ बसली तर फटीतून पेज पाजता यावी.
आजोबांना फोन करून विचारलं.
सोमवारी म्हणाले, हो, त्यासाठीच.
बुधवारी म्हणाले, सगळे दात असलेला माणूस
गाढवासारखा दिसतो, तुझ्या आजीनं हाकललं असतं.
शुक्रवारी म्हणाले, सगळ्यांनी काढले, मीही काढले.
आणि दात काढून हसले.
हे वाक्य त्यांच्याबाबतीत दोनदा खरं आहे.

दुखलं का?
फोनमध्ये बराच वेळ फक्त शेळ्यांचा आवाज.
मग: आम्ही चौघं होतो. रडला तो ओबुरा.

निरीक्षणवहीत शेवटचा रकाना टिपणांचा.
४१७ पुढे मी लिहिलं:
याला कुणीतरी खांद्यांना धरून बसवलं होतं.
हा रडला नाही.
बाईंनी पहिल्या ओळीला बरोबरची खूण केली.
दुसरीखाली लाल शाईत एकच शब्द:
पुरावा?

रविवारी मी कॉलेजातला कॅलिपर मागून घेतला,
मटाटूत मांडीवर धरून गावी नेला.
आजोबा आंब्याखाली स्टुलावर बसले,
टोपी काढली, मान मागे टाकली, जबडा उघडला,
जणू इतकी वर्षं याचीच वाट पाहत होते.
मी जवळ गेले तसं तोंड परत मिटलं.
माप, म्हणाले, हवं ते माप.
पण आधी हात धुऊन ये, अपोंडी.
माशांचा वास येतोय.