अहो-जाहो

रुवीत, टायरच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर
निळ्या चटया अंथरल्या की कराटेचा वर्ग होतो.
एरवी तिथं शिवणकाम चालतं.
मुलांच्या तळपायांना कधी टाचणी सापडते,
ती निमूट उचलून खिडकीत ठेवतात.

सेन्सेई रणसिंघे दिवसभर घालाच्या गोदामात खोकी मोजतात.
संध्याकाळी काळा पट्टा बांधतात,
जुना, कडांनी विरून पांढरा होत चाललेला.
पहिला महिना त्यांनी मूठच वळू दिली नाही.
फी भरून बसलेले आम्ही बाप बाकावर चुळबुळत होतो:
बारा रियाल, आणि पोरं नुसत्या चपला लावतायत?

टाचा जोडून, तोंड दाराकडे.
स्वतःच्या झाल्या की शेजाऱ्याच्या.
मग आमच्या.
माझ्या वर्कशॉपच्या बुटांना ग्रीस होतं.
पांढऱ्या बाहीतला एक मुलगा ते दोन्ही हातांनी उचलायला लागला
तेव्हा मी पाय बाकाखाली ओढले,
मोजे फाटके होते.

कृत्तिका आठ वर्षांची.
घरी अजून भेंडी ताटाखाली लपवते,
धाकट्याला चिमटे काढते,
आणि काढण्याआधी त्याच्यापुढं रीतसर वाकते.
तिची आई कपाळाला हात लावते.

पण बकाल्यात सुट्टे पैसे दोन्ही हातांनी घेते.
लिफ्टचं दार धरून उभी राहते, शेवटची बाई आत येईपर्यंत.
जुम्म्याला मशिदीबाहेर
वाऱ्यानं उधळलेल्या चपला बघून
गाडीतून उतरायलाच निघाली.
'बाबा, दोनच मिनिटं.'
अगं, चारशे जोड असतील.
'मग चार मिनिटं.'

खाली पहाटे गाड्या धुतो एक पोरगा.
तीन वर्षं मी त्याला 'ए' म्हणतो.
ए, काच नीट पूस.
ए, उद्या ये, सुट्टे नाहीत.
काल शाळेच्या बसआधी
कृत्तिका त्याच्या बादलीसमोर थांबली,
टाचा जोडल्या, कमरेतून वाकली.
त्याला काही कळेना.
फडकं आधी त्यानं पाठीमागं लपवलं,
मग खाली ठेवलं,
आणि तोही वाकला, जरा जास्तच,
कुणी रागावेल की काय अशा बेतानं.

'बाबा, तुम्ही त्यांना अरे-तुरे का करता?'
हिंदीत चालतं, म्हटलं.
'त्यांचं नाव काय?'

समोर रुवीचे डोंगर, उघडे, काळपट.
नजर लपवायला एक झाड नाही.

साइटवर मला बारा वर्षं 'रफीक' म्हणतात.
रफीक, पाना आण. रफीक, इकडं.
चुटकी वाजते, मी वळतो.
माझं नाव चंद्रहास आहे,
हे इथं व्हिसावर लिहिलंय, आणि बायकोला माहीत आहे,
तीही ते घेत नाही, अहो म्हणते.

आज गजर चारचा लावला.
खाली गेलो. तेव्हाही उकडत होतं,
बादलीत खांबावरचा दिवा हलत होता.
ठरवून आणलेलं सगळं घशाशी.
'आप,' म्हणालो,
आणि पुढं वाक्यच नव्हतं.
तो घाबरला. साब, गाडीला काही झालं का?
नाही, नाही. नाव विचारलं.
त्यानं दोनदा सांगितलं,
पहिल्यांदा मला ऐकायची सवय नव्हती.
मोफिजुल.

वाकायला गेलो तर कमरेत कळ आली,
अर्ध्यातच अडकलो,
ना धड उभा, ना धड वाकलेला.
मोफिजुल धावला, दोन्ही हातांनी मला धरलं.
'सावकाश,' त्याच्या भाषेत काहीतरी तसंच म्हणाला.

शर्टावर त्याचे पंजे उमटले, ओले.
वर्कशॉपला पोचेपर्यंत वाळले होते.