छाट

रात्री एकनंतर निपाणीत हायवे तेवढा जागा असतो
आणि दुसऱ्या मजल्यावर आम्ही:
मी, मल्लव्वा आणि एकवीस म्हातारी माणसं.
परवापर्यंत बावीस होती.

चौगुले मास्तर गेले तेव्हा
मी घड्याळ बघितलं, वेळ लिहिली, नाकात कापूस घातला,
आणि पहिला विचार आला तो असा:
चला, पहाटेची एक चादर कमी.
हे कुणाला सांगितलेलं नाही.
वहीत त्याला रकाना नाही.
वही कन्नडमध्ये, रकाने इंग्रजीत,
आणि मी दमते मराठीत.

गेल्या महिन्यात बेळगावहून एक मॅडम आल्या होत्या.
डोळे मिटा, म्हणाल्या. आम्ही मिटले,
शकीला तिथंच घोरायला लागली.
श्वास घ्या, मोजा, सोडा.
अहो बाई, रात्रभर मोजतच तर असतो.
सात नंबरचे मिनिटाला अठ्ठावीस,
बाराचे कधी दहा, कधी थांबतात,
त्यांच्याबरोबर आम्हीही थांबतो,
मग परत सुरू.
जाताना प्रत्येकीला वासाची एक पुडी दिली.
मल्लव्वानं ती संडासात टांगली.

घरी मुलगा विचारतो, आई, ऐकतेस ना?
मी म्हणते, हो, आता उजव्या कुशीवर वळ.

नऊ नंबरला बायक्का.
चाळीस वर्षं विड्या वळल्या.
आता लेकीचं नाव विसरली, गिळायचं विसरत चाललीय,
खरं बोटं काही विसरली नाहीत.
चादरीचा काठ ओढते, हवेत कातरते,
जर्दा पेरते, वळते, तोंड मुडपते,
दोरा. पुढची.
त्यावर एक गोळी चालू होती.
डॉक्टरांच्या मागं लागून मीच बंद करून घेतली,
हात मेल्यागत पडून राहायचे.

परवा मास्तरांची खाट पुसून
मी तिच्या पायाशी टेकले.
तिला वळवायची वेळ झाली होती. उठवेना.
म्हणाली, "किती झाल्या गं तुझ्या?"
मोजल्या नाहीत, म्हणाले.
"हात बघू."
माझा सोललेला तळवा उलटासुलटा केला,
कारखान्यातल्या कारकुनागत मान हलवली.
"आज सगळी छाट निघणार बघ तुझी.
पोकळ वळालीस.
ठेव खाली. जरा बस."

माझी आईही याच गावची.
पोकळ विडी पेटत नाही असं नाही, म्हणायची,
भसकन पेटते, आणि बोटं पोळतात.

मी बसले. चार मिनिटं असतील, पाच.
मल्लव्वा दारात आली. "साकाग्यादेनु, अक्का?"
साकाग्याद, म्हटलं.
पुरे झालंय, हे तिच्या भाषेत
जरा ऐसपैस मावतं.
ती काही बोलली नाही. माझ्या हातातलं भांडं घेतलं
आणि बाराकडे गेली.

तेव्हापासून आमचं ठरलंय:
तीन वाजता एकीनं मागच्या जिन्यावर जायचं,
दुसरीनं घंटा सांभाळायची.
जिन्यावर पेशंटचं नाव काढायचं नाही.
असेल ते खायचं, शेंगदाण्याची चटणी, कडक भाकरी.
रडलं तरी चालतं, खरं पंधरा मिनिटांत.
पगार वाढला नाही. माणसं वाढली नाहीत.
मास्तरांच्या खाटेवर चिकोडीच्या आजी आल्यात,
रात्रभर कुणा शिवप्पाला हाका मारतात.
शिवप्पाच्या वतीनं मल्लव्वा ओ देते.

काल जिन्यावर भाकरी मोडताना
एकदम आठवलं, मास्तर माझ्या हातून पेन घेऊन
तापाच्या तक्त्यावरची वेलांटी दुरुस्त करायचे.
नियम मोडला. नाव काढलं. मोठ्यानं.
जिन्यात घुमलं.

पहाटे बायक्काला वळवलं.
तिनं रिकामी मूठ पुढं केली.
मी घेतली, मोजली, पंचवीस भरल्या.
"छाट?" मी विचारलं.
"दोन," म्हणाली. "दोन चालतात."